लाल औषधाची बाटली

"ताई, शेवटची कविता जशीच्या तशी टाईप कर. एक शब्दही धुऊन घेऊ नकोस."

धाकटा भाऊ खोकत खोकत म्हणाला. मी हो म्हटलं. आठवड्यानं तो गेला.

त्याचं मासिक वीस वर्षं मीच टाईप केलं. टाईपयंत्राची फीत काढायची आणि मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची. मग त्याची मित्रमंडळी त्यावरून सायक्लोस्टाईल प्रती काढत. माझा नेम असा, की सकाळी दिवा लावला की दिवसभर वाईट शब्द तोंडून नाही, हातूनही नाही. आणि धाकट्याच्या ओळी म्हणजे! मग मी शिवीवर दुरुस्तीचं लाल औषध लावायची, फुंकर घालायची, वर सोज्वळ शब्द ठोकायची. तो कधी बोलला नाही. मला वाटायचं, लक्षातच येत नाही त्याच्या.

तो गेल्यावर शेवटची कविता टाईप केली, तेव्हाही एक शब्द मी असाच धुतला आणि स्टेन्सिल मित्रमंडळींकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतले दोघं, दाढी आणि चित्रकार, आले. दाढी म्हणजे त्या मंडळींचा म्होरक्या, जन्मात कंगव्याला न शिवलेला.

"ताई, चाळीस प्रती काढल्या. सगळ्यांत एका शब्दाची जागा कोरी."

"शाई कमी पडली असेल."

"जुन्या अंकांतही?" चित्रकारानं विचारलं.

मी कपाट उघडलं. वीस वर्षांचे अंक. जिथे जिथे माझा शब्द होता, तिथे कोरा कागद.

दाढी हसायला गेला, हसू आलं नाही. "तुमच्या घरात शिवीसुद्धा चपला बाहेर काढून येते, असं तो म्हणायचा. 'ताईनं धुतलेली ओळ मला लगेच कळते, पण तिचं मन मोडवत नाही,' असंही म्हणायचा."

म्हणजे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीत यंत्राची कळ वाजली. टक.

आम्ही तिघंही बाहेरच होतो.

आत गेले. फीत काढलेली, रुळावर नवी स्टेन्सिल. मी चढवली नव्हती. औषधाची बाटली कालच आणलेली; आत थेंब नाही. स्टेन्सिल खिडकीकडे धरली. उजेडात एकच अक्षर दिसलं, मी धुतलेल्या त्या शब्दाचं पहिलं.

"ताई, काय आहे?" दाढीनं दारातून विचारलं.

"काही नाही. बसा दोघं. तासभर लागेल."

दिव्यापुढे हात जोडले. आजचा नेम मोडतेय, सांभाळून घे, म्हटलं. मग दुसरी कोरी स्टेन्सिल चढवली, धाकट्याच्या हातचा कवितेचा कागद शेजारी ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.