रविवारचा पाऊस

"गुडघे टेक, डोळा पाण्याच्या रेषेला आण आणि मगच आकडा म्हण. आणि जे पाहिलं नाहीस ते लिहू नकोस, सेलुका. जागा रिकामी सोड. रिकामी जागा खोटं बोलत नाही."

इआकोपोंना जाऊन तीन वर्षं झाली, तरी रोज सकाळी नऊच्या ठोक्याला लेकीच्या कानात हा आवाज उमटायचाच. नुकुलाएलाए बेटावरचं पर्जन्यमापक त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं होतं. आता ते सेलुकाकडे होतं. प्रार्थनेआधी घोटभर पाणी घ्यायचं नाही आणि मोजल्याशिवाय मापकातलं पाणी ओतायचं नाही, हे तिचे दोन नेम. रविवारी मात्र मापकाला हात लावायचा नाही. तो दिवस देवाचा.

आज राजधानीच्या बेटावर, फुनाफुतीच्या सभागृहात तोच आवाज तिला टोचत होता. पाच बेटदेशांचे पाऊस मोजणारे तिथे जमले होते. प्रत्येकाच्या नोंदी एका ठिकाणी ठेवायच्या, म्हणजे एकाकडे सुरू झालेला दुष्काळ दुसऱ्याला आधी कळेल, असं ठरलं होतं. शिकवायला फिजीहून वाइसाके आला होता. उंचापुरा माणूस, पण आवाज मऊ.

"हे बघा," भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करत तो म्हणाला. "नुकुलाएलाए. तीन वर्षांतले दीडशेच्या वर रविवार. एकाही रविवारी पाऊस नाही. शून्यच शून्य. आणि सोमवारी बदाबदा. असलं आभाळ मी तरी पाहिलेलं नाही. या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नसेल, तर ही नोंद बाजूला काढावी लागेल. मग या बेटाचा अंदाज फुनाफुतीच्या पावसावरून बांधू."

सेलुकाला दोन वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवला. तेव्हा फुनाफुतीत सरी पडत होत्या आणि तिच्या बेटावर घराघरांतल्या टाक्यांचे तळ दिसू लागले होते. पाण्याची बोट आली ती तिने कळवलेल्या आकड्यांमुळे. तीनशे माणसं छपरावरून आलेलं पाणी पिऊन जगतात. त्यांच्या पावसाला कुणी साक्षीच उरला नाही, तर पुढच्या वेळी बोट यायची कशी?

गप्प बसता आलं असतं. तिने मांडीवरच्या वहीवर तळहात ठेवला, मनात देवाचं नाव घेतलं आणि उभी राहिली.

"पाऊस पडत होता," ती म्हणाली. "मी पाहिला नाही. आम्ही रविवारी मोजत नाही. कागदाच्या वहीत मी जागा रिकामीच सोडते. पण फोनमधल्या तक्त्यात रिकामं ठेवलं की तो पुढेच सरकत नव्हता. मग मी शून्य टाकलं. बाबांनी बजावलं होतं, तरी टाकलं. ते खोटं आहे."

मग मागच्या बाकावरून किरिबातीचे काइतिरा, समोरचे दोन दात पडलेले म्हातारबुवा, हळूच म्हणाले, "ताई, तुमचा पाऊस रविवारी देवळात जातो होय? आमचाही जातो. पहिल्या बाकावर बसतो मेला."

हशा पिकला. टोंगाच्या लेसिएलीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे रविवारी विमानसुद्धा उतरत नाही, पाऊस कुठून उतरणार? मीही शून्यच टाकते हो."

वाइसाके एकेकाकडे बघत राहिला. "अजून कोणी?"

आणखी दोन हात वर झाले.

"म्हणजे तुमची मापकं फुटलीत का, हे मी महिनाभर शोधतोय, आणि तुम्ही सगळे प्रार्थनेला," तो कपाळाला हात लावून म्हणाला. मग सेलुकाजवळ येऊन बसला. "रविवारी ते पाणी कोणी ओतत नाही ना?"

"हात लावायचा नाही म्हणजे नाही."

"मग सोमवारी मोजता ते शनिवार सकाळपासूनचं. थेंबही हरवलेला नाही. महिन्याची बेरीज बरोबरच आहे." त्याने तिची वही उघडून एकेक पान पाहिलं. दर रविवारी कोरी जागा. "ही शून्यं काढू, सोमवारपुढे दोन दिवसांची खूण करू. आणि तक्ता करताना मी रिकाम्या जागेची सोय केली नव्हती, ती चूक माझी. तुमची नोंद राहणार, ताई."

सेलुकाचा जीव भांड्यात पडला. तिला एकदम तहान लागली. पाणी प्यायल्यावर आठवलं, सकाळपासून घशाखाली काही उतरलंच नव्हतं.

"एकच उणं राहतं," वाइसाके म्हणाला. "दोन दिवसांचं पाणी एकत्र आलं की एका दिवसात किती कोसळलं ते कळत नाही. रविवारी पाहणारं कुणी मिळालं तर बघा. सक्ती नाही."

"शोधते," ती म्हणाली. तिचं शोधते म्हणजे शब्द दिल्यासारखंच होतं.

बोटीवर रात्रभर तिने विचार केला. रविवारी नऊ वाजता अख्खं बेट देवळात असतं. एक घर सोडून. पेनितालाकाका देवाचा दिवस म्हणून शनिवार पाळणाऱ्यांच्या पंथात गेले त्याला तेवीस वर्षं झाली. त्याआधी ते आणि बाबा एकाच होडीतून मासे मारायचे.

ती त्यांच्या घरी गेली तेव्हा काका माडावर होते, नीरा उतरवत.

"कोण आहे खाली?"

"इआकोपोंची सेलुका."

वर कोयता थांबला. "देवळाचा निरोप आहे का पावसाचा?"

"पावसाचा."

"मग येतो."

खाली येऊन त्यांनी नीरेने भरलेली करवंटी तिच्यापुढे केली. तिने सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "तुझा बाप वीस वर्षं माझ्याशी दुष्काळासारखा बोलला. चार थेंब. मी रविवारी काम करतो म्हणून गाव नाक मुरडतं, आणि आता त्याच कामाला बोलवायला आलीस?"

"नाही म्हणालात तर जागा रिकामी ठेवीन, काका. राग नाही."

"शनिवारी मला हाक मारायची नाही."

"शनिवारी मी आहेच."

"तुझा देव रागावला तर?"

"देव एकच आहे, काका. वार वेगळे आहेत."

म्हातारा मिशीत हसला. "तुझ्या बापाला हे सुचलं असतं तर वीस वर्षं मी एकट्याने वल्हं मारलं नसतं. जा. रविवार माझा."

शुक्रवारी सकाळी तिने त्यांना मापकाजवळ बसवून दाखवलं. गुडघे टेका, डोळा रेषेला आणा. आपल्याच तोंडून बाबांचे शब्द येताना ऐकून ती जरा थांबली. काकाही थांबले. ते शब्द कोणाचे, हे त्यांनी विचारलं नाही.

रविवारी पहाटे सर येऊन गेली. पांढरा झगा घालून, टोपी सावरत सेलुका देवळाच्या पायरीशी आली तेव्हा माडांची पानं अजून ठिबकत होती. नऊची घंटा झाली. आत जाण्याआधी तिने एकदाच मागे पाहिलं. धुतलेली लुंगी नेसून, पाणी मोजायची काचेची नळी फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांत धरून, पेनितालाकाका रिकाम्या वाटेने मापकाकडे निघाले होते.