बसून राहिलेलं बाळ

वरच्या मजल्यावर लाकडावर लाकूड आपटल्याचा 'टक्' असा आवाज झाला आणि इतका वेळ गप्प असलेलं घर दचकलं. सोफ्यावर झोपलेली माझी लेक हिस्के नुसती कुशीवर वळली. मी कान देऊन बसले. जरा वेळाने दुसरा 'टक्'. मग कळलं. माझा नवरा, रिन्से, पलंगाखालचे ठोकळे काढत होता.

सकाळी दवाखान्यात बाळ फिरवायचा प्रयत्न झाला होता, आणि बाळ फिरलं नव्हतं. छत्तिसावा आठवडा संपत आला तरी ते आपलं माझ्या बरगड्यांशी डोकं टेकून, खाली बूड करून, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं बसलेलं. पायाळू बाळाचं बाळंतपण घरी करत नाहीत. हिस्के मात्र याच घरात, याच पलंगावर झाली होती. कळांच्या मध्ये मी खिडकीतून समुद्राच्या बांधावरच्या मेंढ्या मोजल्या होत्या. दुसरंही इथेच व्हावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून तर रिन्सेने गेल्याच आठवड्यात भाड्याचे ठोकळे आणून पलंग कमरेइतका उंच केला होता.

मी कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेले. पलंगाचे दोन पाय खाली आले होते, दोन अजून वर होते. गादी एका बाजूला घसरलेली. रिन्से गुडघ्यांवर बसून तिसऱ्या पायाशी झटत होता.

"हे काय चाललंय?"

"काही नाही." त्याने वर पाहिलं नाही. "म्हटलं, हे सारखं तुझ्या डोळ्यांसमोर नको. आता घरी व्हायचं नाहीच, तर..."

त्याचे कान लाल झाले होते. मला रडू येणार होतं, पण तो कलंडलेला पलंग बघून हसूच फुटलं. तेवढ्यात सासूबाई धापा टाकत वर आल्या. सकाळपासून त्या हिस्केला सांभाळत होत्या. हाताला लोणी लागलेलं, साखरपाव कापता कापताच उठून आलेल्या.

"अरे गाढवा! ते ठोकळे काय बायकोसाठी असतात होय?"

"मग कोणासाठी?"

"नर्सच्या कमरेसाठी! बाळ दवाखान्यात होवो नाहीतर चर्चच्या पायरीवर, नंतर आठवडाभर बाळंतिणीचं करायला बाई येणारच ना? पलंग खाली दिसला तर ती कोटसुद्धा काढायची नाही, दारातूनच परत जाईल. तुझ्या वेळी तुझ्या बापाने विटा लावल्या होत्या. लाव ते परत!"

"आई, मला वाटलं..."

"तुला वाटलं. चाळीस गाईंचं दूध काढतो आणि म्हणे मला वाटलं."

रिन्से निमूटपणे पुन्हा गुडघ्यांवर बसला. मी पलंगाच्या उंच बाजूला टेकले. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या, आणि मला ज्याची भीती होती तेच त्यांनी विचारलं.

"कितीदा ढकललं?"

"दोनदा."

"दोनदाच?"

सासूबाईंनी सगळा जन्म मेंढ्यांमध्ये काढलेला. कोपरापर्यंत हात घालून किती कोकरं सरळ केली, त्याची गणती गावात कोणालाच नाही.

खरं तर पहिल्या वेळी सगळं छान चाललं होतं. आमची सुईण दुर्क्ये, हिस्केच्या वेळचीच. हात लावायच्या आधी तिने ते स्वतःच्या काखेत दाबून गरम केले. "गार हात लागला की पोट रुसतं," म्हणाली. पोट सैल पडावं म्हणून दिलेल्या इंजेक्शनने माझंच काळीज धडधडत होतं. तिने दोन्ही हातांनी बाळाचं बूड हळूच वर उचललं आणि डोकं खाली ढकलू लागली. दुखत होतं, पण सोसवत होतं. बाळ आडवं झालं. माझं पोट एकदम रुंद, भलतंच दिसायला लागलं. रिन्से म्हणाला, "ये, ये, ये," जणू गाडी मागे घेणाऱ्याला सांगतोय. आणि तिच्या हातांखालून ते सर्रकन परत आपल्या जागी जाऊन बसलं.

दुसऱ्या वेळी ते आडवं व्हायच्या आतच त्याचे ठोके मंदावले. यंत्रातून इतका वेळ खोलीभर चाललेली ती टपटप सुटी सुटी होत गेली. दुर्क्येने लगेच हात काढले. "कुशीवर हो, पोरी. श्वास घे. बाळासाठी घे." मिनिटभर असेल. मग टपटप पुन्हा जुळून आली. पुढचा अर्धा तास पोटाला पट्टे लावून आम्ही तिघं त्या कागदावरच्या रेघेकडे बघत बसलो. रेघ चांगली होती.

"घाबरण्यासारखं काही नाही," दुर्क्ये म्हणाली. "हवं तर शुक्रवारी अजून एकदा बघू. पण पोट तुझं आहे, वेल्मू."

आणि मी म्हणाले, "पुरे."

रिन्सेकडे न बघताच म्हणाले.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या हातावरचं लोणी अंगठ्याने पुसत ऐकत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, आमच्या वेळी असं नव्हतं.

"मेंढीला मी कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "एखादी पुरे म्हणाली असती, तर काय माहीत, मीही हात काढला असता." माझ्या गुडघ्यावर थाप मारून त्या उठल्या. "कॉफी करते. पलंग सरळ झाल्याशिवाय खाली येऊ नका."

पलंग सरळ झाला. आम्ही दोघं वर बसलो. पाय जमिनीला लागेनात, धक्क्यावर बसलेल्या पोरांसारखे लोंबत राहिले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या होत्या आणि सोमवारपर्यंत कळवा म्हणाल्या होत्या. सिझेरियन बाळाला थोडं जास्त सुरक्षित. पण माझ्या पोटावर व्रण, आणि पुढच्या खेपेला त्याची काळजी. नाहीतर बाळ बसलंय तसंच खालून येऊ द्यायचं, दवाखान्यात, त्या स्वतः हजर असताना. मात्र दहातल्या चौघींना शेवटी ऑपरेशनच्या टेबलावर जावंच लागतं.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटण्याचं आजचं माप संपलं. ऐकलंस ना आईचं?"

"रिन्से."

तो आपल्या लोंबणाऱ्या पायांकडे बघत म्हणाला, "ती टपटप थांबत चालली ना, तेव्हा मला पलंग, घर, काहीच आठवलं नाही. तुम्ही दोघं तिथून चालत बाहेर या. कुठल्याही दाराने या."

मी त्याचा हात बाळाच्या डोक्यावर ठेवला, उजव्या बरगडीखाली, जिथे ते नारळासारखं घट्ट लागतं. बाळाने डोकं जरा हलवलं.

"मला त्याला येऊ द्यायचंय," मी म्हणाले. "बसून तर बसून. पण अडलं, तर मी हट्ट धरणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की टेबलावर. तेव्हा तू मला समजावत बसायचं नाहीस."

"आणि तू मला धीर द्यायचा नाहीस."

"कबूल."

दारात हिस्के उभी होती. गालावर सोफ्याच्या नक्षीचे वळ, एक मोजा पायात, एक हातात. कधीपासून जिन्यावर बसून ऐकत होती कोणास ठाऊक. रिन्सेने तिला उचलून आमच्या मध्ये बसवलं. मी तिला सांगितलं की बाळ इथे नाही, दवाखान्यात होणार. तिला आजीबरोबर भेटायला यायचंय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे याच पलंगावर, नवं बाळ आलं की खातात तशा, टोस्टवर बडीशेपेच्या गोळ्या घालून खाणार.

"कारण ते वळलं नाही म्हणून?"

"हो."

तिने माझ्या पोटावर कान ठेवला. ऐकलं. मग मान तिरकी करून, कान तसाच ठेवून, माझ्याकडे बघत म्हणाली,

"आई, त्या बाईंनी अजून एकदाच ढकललं असतं, तर वळलं असतं?"