गोठ्याच्या दारातला दांडा

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. माणसांचं वागणंच मला कळेनासं झालंय. तुम्ही शाळेत जाता, चार बुकं वाचता. तुम्हाला काही उलगडलं तर बघा बुवा.

कारखान्यातला जन्म मला धडसा आठवत नाही. आठवतं ते परभणीकडच्या झरीच्या पुढचं आमचं गाव, काळी माती आणि मुंजाजी. मुंजाजी माझा मालक आणि ड्रायव्हरही तोच. तेव्हा गावाला रस्ता नव्हता, नुसती गाडवाट होती. पावसाळ्यात माती अशी धरायची की बैलसुद्धा मटकन खाली बसायचे. मग मुंजाजी गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा. मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही जोर यायचा आणि मी चारी चाकांनी चिखल तुडवत निघायचे. काय रुबाब होता माझा!

परभणीच्या बाजाराचे, पाथरीच्या दर्शनाचे, सगळे माझ्यात दाटीवाटीनं बसायचे. पुढची सीट मानाची. तिथं गुरुजी, सरपंच, नाहीतर नवी नवरी. मुंजाजीची बायको कडूबाई मात्र कायम मागं, फळीच्या कडेला, कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन. तिची लेक निकिता तर माझ्यातच जन्मली, नाल्याच्या अलीकडं, भर पावसात. तेव्हाही कडूबाई मागंच होती.

पुढं डांबरी रस्ता झाला, नाल्यावर पूल झाला. मला वाटलं, आता सुखाचे दिवस आले. कसलं काय! मुंजाजी एक दिवस माझ्या पोटाखाली शिरला आणि पुढच्या चाकांना जोर पोचवणारा लोखंडी शाफ्टच त्यानं काढून टाकला. "आता चिखल कुठं हाय? उगं डिझेल खायलाय," म्हणाला. तेव्हा सगळे जीपवाले तसंच करायचे. माझी पुढची चाकं त्या दिवसापासून नुसती मागच्यांच्या रेट्यानं फिरायला लागली. मला फार अपमान वाटला, खोटं कशाला बोलू?

शाफ्ट भंगारात दे म्हणून त्यानं कडूबाईला सांगितलं. तिनं तो गोठ्याच्या दारात आडवा लावला, वासरं बाहेर येऊ नयेत म्हणून. त्यांच्या मानेला लागू नये म्हणून वरून जुन्या लुगड्याच्या चिंध्या गच्च गुंडाळल्या. दर पोळ्याला बैलांच्या मागोमाग ती त्यालाही हळदकुंकू लावायची. मुंजाजी रोज तो दांडा काढायचा, घालायचा, पण आत काय आहे ते त्याच्या गावीही नव्हतं.

मी मात्र लिंबाखाली उभी राहून रोज त्याच्याकडं बघायचे. खेपा बंद झाल्या होत्या. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. यंदा पोळा झाला आणि मुंजाजीनं ट्रॅक्टरची ट्रॉली घ्यायचं ठरवलं. ट्रॉलीला जागा हवी. भंगारवाला येऊन मला टिचक्या मारून गेला. दुसऱ्या दिवशी कापायची मशीन घेऊन येणार होता. माझ्या तर रेडिएटरचं पाणीच पळालं.

भंगारवाला गेला त्याच दिवशी परभणीहून सृष्टी नावाची मुलगी आली. तिला जुनी, चारी चाकांनी ओढणारी जीप हवी होती. मुंजाजीला कोण आनंद! त्यानं मला घासूनपुसून धुतलं, लिंबू-मिरची बांधली आणि छातीठोकपणे सांगितलं, "ताई, लय जपलेली गाडी हाय. हिला चिखल म्हणून ठाऊक न्हाई! डांबरी सोडून चाक खाली न्हाई उतरलं."

अरे मुंजाजी! चिखलात जन्म काढला माझा!

पण सृष्टीचं तोंड उतरलं. "चिखलात घातलीच नाही? काका, मला चिखलातच घालायची आहे. आम्ही मुद्दाम रस्ता सोडून जातो."

"मुद्दाम?" मुंजाजी तिच्याकडं बघतच राहिला. "रस्ता असताना?"

मीही बघतच राहिले. त्या रस्त्यासाठी गावानं किती अर्ज केले, किती उन्हं डोक्यावर घेतली! आणि ही शहाणी तो सोडायला निघालीय!

सृष्टी सतरंजी टाकून माझ्याखाली शिरली आणि लगेच बाहेर आली. "काका, पुढचा शाफ्ट कुठाय? तो नसेल तर गाडीचा मला काही उपयोग नाही. आणि या मॉडेलचा आता कुठं मिळतही नाही."

"तो कवाच भंगारात गेला की."

माझा जीव नुसता तडफडला. अरे, समोर आहे! गोठ्याच्या दारात! पण मला बोलता येतं का? त्याहून चक्रावले मी कडूबाईला बघून. ती गोठ्यापाशीच उभी होती, हात त्या दांड्यावर. तिला सगळं ठाऊक होतं. तरी चकार शब्द नाही. कडूबाई, तू सुद्धा?

सृष्टीनं चप्पल झटकली आणि निघाली. मुंजाजी हताश होऊन म्हणाला, "जाऊ द्या. उद्या भंगारवाला कापून नेईल."

"कापून?" कडूबाई दचकली. "तुमी तर इकायची म्हणलाव!"

"आता कोण घेतंय?"

कडूबाईनं दांडा दारातून उपसला. वासरं भडाभडा अंगणात सुटली. तिनं तो सृष्टीच्या पुढ्यात आणून टाकला आणि चिंध्या सोडायला लागली. "मला वाटलं, ह्यो न्हाई दिला तर कुनी घ्यायचं न्हाई. ऱ्हाईल इथंच लिंबाखाली. माझी निकिता हिच्यात झाली हो. पर कापू नगा. न्या, पर कापू नगा."

आतून शाफ्ट निघाला, तेलकट, धड. मुंजाजीनं वाकून त्यावरून हात फिरवला.

सृष्टीनं स्वतः पान्हे काढून तो जागेवर बसवला. पुढच्या चाकांत जोर आला आणि मला रडू का हसू कळेना. ती म्हणाली, "मावशी, नाल्यातून घालून बघते. तुम्ही येता?"

कडूबाई सवयीनं मागं चढायला गेली.

"मागं कशाला? पुढं बसा की."

कडूबाईनं मुंजाजीकडं पाहिलं, पदर खोचला आणि त्या मानाच्या सीटवर अवघडून बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सृष्टीनं पूल सोडून मला थेट नाल्यात उतरवलं. मुंजाजी पुलावरून ओरडत होता, "अहो ताई, पूल हाय की इकडं!" चिखल काचेवर उडाला, मी रुतले, कण्हले, छोटा दांडा खटकन बसला आणि चारी चाकांनी वर आले. कडूबाई तोंडाला पदर लावून हसत होती. चिखलाचे शिंतोडे थेट कपाळावर.

मित्रांनो, चांगला रस्ता असताना चिखलात का जायचं, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तर मलाही सांगा. तोवर एवढं करा, जुन्या वस्तूचा एखादा भाग आज नको वाटला तरी फेकू नका. आणि तो ज्यांनी जपला, त्यांना मागच्या फळीवर बसवू नका.

नाल्याच्या काठावर सृष्टीनं गाडी बंद केली. "झालं मावशी. उतरायचं?"

कडूबाईनं सीटसमोरचा, धरून बसायचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अजून एक खेप," ती म्हणाली.