अर्ध्यावरचा उजेड

मी एक जुना हॅलोजन दिवा बोलतोय. बोलावंच लागलं. त्या फॅशन शोवर रकानेच्या रकाने छापून आले, बटणांचीसुद्धा वर्णनं आली. मला मात्र कुणी अर्धी ओळ दिली नाही.

माझा जन्म कारखान्यातला, पण शहाणपण आलं ते मावशींच्या हाताखाली. सभागृहातले दिवे त्या सांभाळतात. रॅम्पवर येणाऱ्या प्रत्येक कपड्याची चिंधी त्या आधी मागवायच्या, माझ्यासमोर धरायच्या आणि माझा उजेड हळूहळू चढवायच्या. "लोकांनी कापड बघायचं, तुला नाही," असं मला बजावायच्या. आधी राग यायचा. मग पटलं.

पुढे पांढरे चकचकीत दिवे आले आणि माझी रवानगी अडगळीत, झाडूंशेजारी झाली. "फार तापतो," हा आयोजकांचा शेरा. स्वतः कमी तापतात का!

चार वर्षांनी एका दुपारी दार उघडलं. मावशींबरोबर त्यांची भाची, डोळे भरलेले. तासाभरात तिचा पहिलाच शो. नोकरी सांभाळून, घरच्या पिवळ्या बल्बखाली तिने एक जांभळा झगा शिवला होता. कापड कमी पडलं म्हणून बाह्या दुसऱ्या ताग्यातल्या. घरी रंग तंतोतंत जुळायचा. इथल्या पांढऱ्या उजेडात बाह्या चक्क निळ्या!

"मावशी, सगळे हसतील गं."

"चूक माझी. घरचीच पोर म्हणून तुझ्याकडे चिंधी मागितली नाही."

मला फडक्याने पुसून त्या बाहेर घेऊन आल्या. आयोजक आडवे आले. "हे धूड रॅम्पवर? फोटो अंधारे येतील!"

"येऊ देत. तुमच्या दिव्यांत माणूस दवाखान्यात उभा असल्यासारखा दिसतो."

"मग जबाबदारी तुमची."

"तीस वर्षं दुसऱ्या कुणाची होती?"

झगा आला. मावशींनी पांढरे दिवे मालवले आणि मला अर्ध्यावर आणून थांबवलं. अर्ध्यावर मी मधासारखा पिवळा असतो. बाह्या झग्यात मिसळून गेल्या. चालताना पडणारी एकेक चुणी तिच्या सावलीसकट दिसू लागली. लोक पुढे झुकून कापड बघत राहिले. टाळ्या जरा उशिरानेच आल्या.

शो संपल्यावर एका बाईंनी तिथल्या तिथे झगा विकत मागितला. भाचीने तो उचलला आणि त्यांना थेट खिडकीपाशी नेलं. "आधी इथे बघा. बाह्या वेगळ्या आहेत."

बाईंनी निरखून पाहिलं. "मग बदलून द्या. शिवायच्या मात्र तुम्हीच."

मावशी लांबून बघत होत्या. त्यांचा हात अजून माझ्यावरच होता. चटका बसत असणार, पण काढला नाही.

आता मी भाचीच्या शिवणखोलीत असतो. प्रत्येक कापड ती आधी खिडकीत बघते, मग माझ्याखाली. माझी तार बारीक झालीय, कधीही तुटेल. तक्रार नाही. फक्त पोरी, शेवटच्या दिवशीसुद्धा मला एकदम पेटवू नकोस. मावशींसारखं, हळूहळू चढव.