दुपटीतून दहावा वजा

म्हस्कूने रतनला उचलून टेंपोत ठेवले आणि तिच्या अंगावर स्वतःचे घोंगडे टाकले. एकेकाळच्या मोठ्या कळपातली ही शेवटची मेंढी. बाकी साऱ्या रानात आता ऊस होता.

"एवढा जीव लावलास, अन् बाजारात धाडतोस?" वालचंदनगरहून आलेल्या टेंपोवाल्या गेणबाने विचारले.

"सकाळधरनं खाईना, गार पडलीय. एकोणचाळीस भरलं. डाक्टर मोजायचे तवा एकशेदोन भरायचं. सांजपातुर टिकायची न्हाय."

खरे तर सकाळी रतनचा कान मुठीत धरला, तेव्हा तो रोजच्यासारखाच उबदार लागला होता. कान धरूनच ताप ओळखायचा, ही घराण्याची रीत. पण थर्मामीटर धाकट्या लेकीने बारामतीहून आणलेला. ती तिथे जनावरांच्या औषधोपचाराचे शिक्षण घेत होती. पोरीच्या काचेपुढे बापाच्या हाताचे काय चालणार! कौतुकाने माणूस असाही खुळा होतो.

सुट्टीला आलेली नकोशी विहिरीवरून कळशी घेऊन आली आणि टेंपो पाहून थबकली.

"आबा, रतनला कुठं न्हेताय?"

त्याने थर्मामीटर पुढे केला. तिने पारा पाहिला आणि तिला हसूच फुटले.

"आवं, ह्यो सेल्सिअसचा हाय. डाक्टरांचा फॅरनहाइटचा. एकोणचाळीसची दुप्पट करा."

"अठ्ठ्याहत्तर."

"त्यातनं दहावा हिस्सा काढा."

म्हस्कूचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. "सत्तर... अन् वर जरासं."

"आता बत्तीस मिळवा."

"एकशेदोन!" तो ओरडलाच.

"गार न्हाय न् तापली बी न्हाय. दिस भरल्यात, म्हणून खाईना. आज-उद्या व्यायची हाय."

म्हस्कूने रतनला खाली उतरवले. मग शेजारपाजारला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सगळा हिशेब गेणबाला पहिल्यापासून समजावला.

"पोरगी लय हुशार निघाली," गेणबा म्हणाला. "नाव काय हिचं?"

म्हस्कू रतनकडे वळून खाली वाकला. तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा ते नाव त्यानेच ठेवले होते.

"नकोशी," तिनेच सांगितले. "फुडं दवाखाना काढला की पाटीवर बी हेच लिवणार हाय."

म्हस्कू रतनच्या अंगावरचे घोंगडे नीट करत राहिला.

"मोठ्या अक्षरात लिव," तो मान वर न करता म्हणाला. "पार रस्त्यावरनं दिसलं पायजे."