अकरा पत्रं आणि एक दोरी

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटा असं सांगणार होतो, पण मग पुढचं वाचाल कसं? तर उघड्या डोळ्यांनीच आणा. तिसऱ्या मजल्यावरची, एकाच खिडकीची खोली. भिंतीवर सात घड्याळं, त्यांतलं चालतं एकच. खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीत एक आजोबा. दुपारचे चार वाजलेत. दारात किल्ली फिरते आणि दहा वर्षांची एक मुलगी आत येते. दप्तर ठेवते आणि म्हणते, "आजोबा, मी आले." उत्तर येत नाही. उत्तर मावेल एवढा वेळ ती थांबते आणि मग पाय धुवायला जाते.

झाली का खोली उभी? आता तिथे साडेसातपर्यंत बसायचं. मुलीची आई कपडे धुण्याच्या कारखान्यातून तेव्हा परत येते.

मुलीला सगळे टाचणी म्हणायचे, कारण ती बारीक होती आणि टोचून बोलायची. आजोबा घड्याळजी होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. इमारतीतल्या आजारी-म्हाताऱ्या माणसांच्या अकरा घरांत सरकारी खात्याकडून एक मदतनीस यायच्या, बाकीच्यांकडे दोन-तीन दिवसांनी, आजोबांकडे रोज सकाळी. टाचणी त्यांना मावशी म्हणे. आल्या की मावशी आधी भिंतीवरच्या चालत्या घड्याळाला किल्ली द्यायच्या, मग आजोबांची दाढी, आंघोळ, जेवण. आधी किल्ली दिली नाही तर आजोबा दात घट्ट आवळून बसत. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. मावशींना ते कळायला चार महिने लागले होते.

एकदा मावशी आठवडाभर रजेवर गेल्या. सात दिवसांत सात वेगळी माणसं आली. सगळी चांगली होती आणि सगळी घाईत होती. टाचणीने शाळेत जाताना घड्याळाखाली 'आधी याला किल्ली द्या' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवली, ती संध्याकाळी टेबलाखाली सापडली. आजोबा रोज टाचणी शाळेतून येईपर्यंत उपाशी राहिले. खात्याच्या वहीत मात्र सातही दिवस 'काम पूर्ण' असंच लिहिलेलं होतं.

म्हणून जिन्याखाली ती सूचना लागली तेव्हा टाचणीने ती तीनदा वाचली. सेवेत सुधारणा करण्यासाठी सरकारने समिती नेमली होती. यापुढे ठरलेली मदतनीस नको, जवळ असेल त्याने यावं, प्रत्येक घरी वीस मिनिटं, असा समितीचा विचार होता. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पाचपर्यंत पोचवाव्यात.

"काळजी सोडा," तळमजल्यावरचे कारकूनकाका म्हणाले. मावशी त्यांच्याकडेही यायच्या. त्यांची छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत गेली होती. "अकरा घरं, एक आवाज. मजकूर माझा, अक्षर टाचणीचं."

मजकुराची सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी होती.

"काका, उपरोक्त म्हणजे?"

"वर सांगितलेलं."

"पण वर तर काहीच सांगितलेलं नाही."

"म्हणूनच ते सरकारी वाटतं. तू लिही गं!"

टाचणीने अकरा वेळा लिहिलं. बोटांना घट्टे पडले. ज्यांचे हात कापत होते त्यांच्या सहीसाठी कागद घट्ट धरला. आजोबांचा अंगठा तिनेच टेकवला.

शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, उत्तर आलं. 'आपल्या इमारतीतून प्राप्त झालेल्या अकरा निवेदनांचा मजकूर एकसारखा असल्याने ती एक निवेदन म्हणून नोंदवण्यात आली आहेत.'

कारकूनकाकांनी ते वाचलं आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला ठाऊक असायला हवं होतं गं. मी जन्मभर हेच केलं. एकसारखी पत्रं आली की गठ्ठा करायचा, दोरी बांधायची आणि वर लिहायचं, एक. या वेळी आपण दोरीच्या आत आहोत हे ध्यानातच आलं नाही."

"म्हणजे अकरा जणांचं मिळून एकच माणूस झालं?"

"झालं."

"मग बाकीचे दहा कुठे गेले?"

टाचणीने कोऱ्या कागदांची चळत उचलली आणि जिना चढू लागली.

दुसऱ्या मजल्यावर शिंपीणबाई एकट्या राहत. "माझं काय लिहायचं? सगळं ठीक आहे म्हणून लिही."

"तसं नाही. मावशी आल्या नाहीत तर काय होईल ते सांगा."

शिंपीणबाईंनी टेबलावरची सुई उचलली, परत ठेवली. "हसशील तू. आठवड्यातून एकदा मी बाहेर जाऊन माझीच बेल वाजवते. चालू आहे का बघायला. ती येते त्या दिवशी वाजवावी लागत नाही."

टाचणी लिहू लागली.

"अगं, हे काय लिहिण्यासारखं आहे?"

"मग काय आहे?" टाचणी म्हणाली.

चौथ्या मजल्यावरच्या बसवाल्या मामांना कमी ऐकू यायचं. "मावशी मला मोठ्याने पेपर वाचून दाखवते! बाकीचे हातवारे करतात. मी काय माकड आहे? लिहिलंस? आता वाचून दाखव. मोठ्याने! पोटात दुखतंय का तुझ्या?" टाचणीने तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तळमजल्यावरची दारं उघडली.

एका दाराआड कुणीतरी हललं, पण दार तिसऱ्या खेपेला उघडलं. एका आजींनी तासभर त्यांच्या मेलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. मावशींचं नाव फक्त शेवटी आलं, कारण त्या कुत्र्याची आठवण काढणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. टाचणीने कुत्राही लिहिला. कारकूनकाका दोन दिवस कागद घेऊन बसले. 'उपरोक्त' लिहीत आणि खोडत. शेवटी त्यांच्या कागदावर एकच ओळ होती: 'त्या मला नावाने हाक मारतात.'

गुरुवारी संध्याकाळी अकरावा कागद उरला. टाचणीने तो पाटीवर लावून आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि डाव्या हातात पेन दिलं. आजोबांनी दात आवळले. ती बराच वेळ बसून राहिली. मग तिने स्टुलावर चढून घड्याळाला किल्ली दिली. सकाळीच दिलेली होती, दोनच वेढे बसले. पेन हललं. आधी एक गोल निघाला, पुरता न मिटलेला. त्यात एक काटा. तेवढ्यावर हात थांबला. टाचणीने खाली लिहिलं, 'वरचं आजोबांनी काढलंय,' आणि मग किल्लीची, आवळलेल्या दातांची आणि टेबलाखालच्या चिठ्ठीची सगळी हकिकत लिहिली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती थेट कचेरीत गेली. बरंच चालावं लागलं. खिडकीपलीकडच्या बाबूच्या डोक्यावर घड्याळ होतं, पाचला दहा मिनिटं कमी.

"सगळी एकाच इमारतीतली?" बाबूने विचारलं.

"हो."

"अक्षरही एकच दिसतंय."

"अक्षर माझं आहे. सांगितलंय प्रत्येकाने वेगळं. वाचा ना."

"वाचू की, सवडीने." असं म्हणता म्हणता त्याचा हात खणात गेला आणि दोरी घेऊन बाहेर आला. एक वेढा, दुसरा वेढा, गाठ. त्याचं लक्षही नव्हतं तिकडे. वर आकडा लिहायला त्याने पेनाचं टोपण काढलं.

टाचणीने खिडकीतून हात आत घातला आणि गठ्ठा आपल्याकडे ओढला. नखाने गाठ सोडवली, दोरी गुंडाळून खिशात टाकली. सगळ्यात वरचा कागद उचलला आणि चौथ्या मजल्यावरच्या आवाजात वाचायला लागली:

"आठवड्यातून एकदा मी बाहेर जाऊन माझीच बेल वाजवते!"