मास्तरांचा स्वतःचा आवाज

अंधेरी पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर गंधालीचा डबिंग स्टुडिओ होता. पडद्यावरच्या ओठांवर शब्द बसवणं हे तिचं काम, आणि ते तिला मनापासून आवडायचं. जाड दार लागलं आणि दिवे मंद झाले की बाहेरची अंधेरी कुठल्या कुठे जायची. हॉर्न नाहीत, खोदकाम नाही. निळसर उजेडात समोर तरंगणारे चेहरे आणि कानात आवाज, एवढंच उरायचं. आपण पाण्याखाली बसलो आहोत आणि वरच्या जगाला त्याचा पत्ताही नाही, असं तिला वाटायचं.

पण पाण्याखालीसुद्धा निर्मात्याचा फोन लागतोच. त्या दिवशी निर्माता मिहिर स्वतःच येऊन बसला होता. त्याच्या मराठी चित्रपटाचं डबिंग जवळजवळ संपलं होतं, एका भूमिकेचं तेवढं राहिलं होतं. किनाऱ्यावरच्या गावात मुलींना कोरियन युद्धकला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांची भूमिका. ती करणाऱ्या नटालाही सगळे मास्तरच म्हणत. चित्रीकरणाच्या वेळी लाटांच्या आवाजात त्यांचे संवाद बुडून गेले होते. ते पुन्हा नोंदवायचे होते.

"त्यांना कशाला बोलावायचं?" मिहिर म्हणाला. "आकाशला घे. तो चिनी आवाज झकास काढतो. थिएटरमध्ये हशा पिकला पाहिजे."

"मास्तर कोरियन आहेत रे," गंधाली म्हणाली.

"प्रेक्षकांना काय फरक पडतो?"

गंधालीने मान डोलावली. असंच तर चालायचं. बारीक डोळ्यांचा माणूस पडद्यावर आला की 'र'चा 'ल' करायचा, क्रियापदं उलटी टाकायची, लोक हसायचे. तिने स्वतःच कितीदा केलं होतं. आकाशसाठी तिने संवाद बदलूनही ठेवले. निरोपाच्या प्रसंगात मास्तर लाडक्या शिष्येला म्हणतात, "पडायला शिकलीस ना? मग आता कुठेही जा." त्याचं तिने केलं, "तू पलायला शिकला, आता कुथेपण जाते." लिहिताना तिचं तिलाच हसू आलं होतं.

आणि नेमके त्याच दुपारी मास्तर आले. आधी ठरलेली तारीख रद्द झाल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. साठी उलटलेले, ताठ पाठीचे, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले. मनोरीहून होडीने मार्वेला, तिथून बस, मग रिक्षा करत आले होते.

"बसा मास्तर, थोडा वेळ लागेल," गंधाली म्हणाली. खरं सांगायचा तिला धीर झाला नाही.

काचेपलीकडे आकाश माइकसमोर उभा राहिला. तो खरोखर हुशार कलाकार होता. पहिल्याच टेकला मिहिर पोट धरून हसला, गंधालीही हसली. ध्वनिमुद्रण करणारा प्रबुद्ध तेवढा गप्प होता. तेवढ्यात दार उघडलं. पाणी कुठे मिळेल हे विचारायला मास्तर आत आले होते. पडद्यावर त्यांचाच चेहरा होता, समुद्राकडे पाठ करून उभा, डोळ्यांत पाणी. आणि त्या चेहऱ्यातून बोबडं मराठी बाहेर पडत होतं.

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं करतो मुलगा," ते शांतपणे म्हणाले. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, थोडं सावकाश, किनाऱ्यावरच्या माणसाचा हेल असलेलं. "पण हा माणूस कोण हाय?"

मिहिर फोनमध्ये बघू लागला.

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली आणि निघून गेले. पाण्याचं विचारायचं राहूनच गेलं.

मिहिर गेल्यावर गंधाली आणि प्रबुद्ध खाली टपरीवर चहा घेत उभे राहिले.

"मला उगाच अपराधी वाटतंय," ती म्हणाली. "धंदा आहे रे हा. लोकांना तसंच ऐकायची सवय आहे."

"सवय लावली कोणी? आपणच ना?"

"आपण काय कुणाला शिव्या दिल्या का?"

प्रबुद्धने ग्लास खाली ठेवला. "मी बुलढाण्याचा. इथे कॉलेजात आलो तेव्हा मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. वाईट कुणीच नव्हतं गं, सगळे माझे मित्रच होते. वर्षभर मी फारसा बोललोच नाही. मग शिकलो तुमच्यासारखं बोलायला. आता गावी गेलो की भाऊ म्हणतो, या पाहुणे." तो किंचित हसला. "पण बोलणं बदलायचं की नाही, ते मी तरी ठरवलं. मास्तरांना तेही नाही. चेहरा त्यांचा घेतला, घाम त्यांचा घेतला आणि तोंड बांधून टाकलं. हसू नये असं कुठे म्हणतोय मी? पण माणूस जे बोललाच नाही, त्यावर त्याला हसायचं?"

 गंधालीचा चहा तसाच निवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मार्वेच्या धक्क्यावरून होडीत बसली. खाडीवर धुकं होतं. पलीकडचा किनारा आहे की नाही तेही कळत नव्हतं. मग हळूहळू माडांचे शेंडे दिसू लागले. उतरल्यावर कुणालातरी पत्ता विचारला, तर तो म्हणाला, "मास्तर ना? वाळूत बघा."

ओहोटीच्या ओल्या वाळूवर मास्तर एकटेच सराव करत होते. हात इतक्या सावकाश वर जात होता, जणू हवा दाट झाली होती. पाय उचलला जाई, क्षणभर तिथेच राही आणि आवाज न करता खाली येई. त्यांचं प्रतिबिंब त्यांच्याबरोबर वळत होतं. वाळूवरचा माणूस कोणता आणि पाण्यातला कोणता, हे गंधालीला त्या धुक्यात कळेना. ती चपला हातात घेऊन तशीच उभी राहिली.

घरी त्यांच्या बायकोने, रेजिनाने, ओट्यावर चटई टाकली. गंधालीने काही लपवलं नाही. ते संवाद आपणच लिहिले, हेही सांगून टाकलं. रेजिनाचा चेहरा कठीण झाला. मास्तर मात्र समुद्राकडे बघत राहिले आणि मग बोलू लागले.

त्यांचं खरं नाव नाम सांग-जिन. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात वडील जाळी विणत. लहान सांग-जिन तिथल्या वाळूत लाथा मारायला शिकला, मोठा होऊन स्पर्धा जिंकला, आणि अंधेरीतल्या एका व्यायामशाळेने शिकवायला बोलावलं म्हणून वर्षभरासाठी मुंबईला आला. व्यायामशाळा बंद पडली. एकदा जुहूच्या चौपाटीवर सराव करताना एका मारामारी दिग्दर्शकाने त्याला पाहिलं आणि थेट सेटवर नेलं. पहिल्याच दिवशी तो काचेतून आरपार पडला आणि मेला.

"मग मरतच राहिलो," मास्तर हसत म्हणाले. "गोळीने, तलवारीने, हेलिकॉप्टरमधून पडून. चित्रपटाच्या शेवटी पाट्यांवर नाव यायचं जॉनी. सांग-जिन कोण लिहिणार?"

"आणि आवाज?"

"तो कायम दुसऱ्याचा. मी म्हणायचो, मला येतं बोलायला. हिंदी सेटवर शिकलो, मराठी हिच्या आईने शिकवलं, मासळी निवडता निवडता. पण ते म्हणायचे, जॉनी, तू नुसता ओठ हलव."

त्यांनी थोडा वेळ वाळूवर बोट फिरवावं तसं चटईवर फिरवलं.

"एका चित्रपटात मोठं काम होतं. त्याची कॅसेट मी आईला पाठवली. गावाने जमून बघितली. मग आईचा फोन आला. म्हणाली, तुझ्या घशाला काय झालंय? हा आवाज तुझा नाही. मी म्हटलं, सर्दी झाली होती. ती काळजीत पडली. पुढच्या फोनला पुन्हा तेच, सर्दी गेली का?" ते थांबले. "आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. पडद्यावर मी बोललेलं तिने कधी ऐकलंच नाही."

समोर धुकं विरत होतं. त्या पाण्यापलीकडे, फार फार दूर, एक म्हातारी बाई पडद्यावर आपल्या मुलाचे ओठ बघते आहे आणि त्याला हाक मारते आहे, असं गंधालीला क्षणभर स्पष्ट दिसलं. आणि त्या मुलाचं तोंड ज्या हातांनी बंद केलं, त्यांत आपलाही हात होता!

"मास्तर, उद्या याल?" ती म्हणाली. "मिहिर काय करेल मला ठाऊक नाही. कदाचित काम काढूनही घेईल. पण तुमचे संवाद तुम्हीच बोलायचे, जसे चित्रीकरणाच्या वेळी बोललात तसे."

मास्तरांनी रेजिनाकडे पाहिलं. "जा," ती म्हणाली. "या वेळी मी पण येते."

दुसऱ्या दिवशी मास्तर माइकसमोर उभे राहिले. उंचावरून उड्या मारलेला माणूस एका माइकला घाबरला होता. पहिले दोन टेक फुकट गेले. प्रबुद्धने आतले दिवे आणखी मंद केले. "घाई नाही, मास्तर. समोर तुमची शिष्या आहे, बाकी कुणी नाही."

मास्तरांनी डोळे मिटले, उघडले.

"पडायला शिकलीस ना? मग आता कुठेही जा."

 मागच्या बाकावर बसलेला आकाश उठला. "गंधाली, माझा ट्रॅक पुसून टाक," तो म्हणाला. "मी नक्कल करत होतो. यांना ती मुलगी खरंच सोडून चालली आहे."

मिहिर संध्याकाळी आला तो चिडूनच. "मला न विचारता? लोक हसणार आहेत का यावर?"

"नाही हसणार," गंधाली म्हणाली. "एकदा ऐक. मग पटलं नाही तर दुसरा स्टुडिओ बघ, मी अडवणार नाही."

त्याने ऐकलं. मग म्हणाला, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकताना त्याने चष्मा काढून हातात धरला. 

"हा माणूस चित्रीकरणभर माझ्याबरोबर जेवला," तो अखेर म्हणाला, "आणि संवाद त्याने नुसते घोकलेत असं समजून मी त्याच्याशी तोडक्या हिंदीत, खाणाखुणा करत बोलत होतो. राहू दे हाच आवाज. आणि पाट्यांवर त्यांचं पूर्ण नाव टाकायचं. कसं लिहायचं ते त्यांनाच विचार."

पुढे चित्रपट आला. तो काही फार गाजला नाही. पण निरोपाच्या प्रसंगाला थिएटर गप्प होतं, एवढं गंधालीने बोरिवलीच्या एका खेळाला मागे उभं राहून पाहिलं.

महिन्याभराने तिच्याकडे एक मालिका आली. त्यात घरकाम करणारी एक बाई होती. मालिकेचा माणूस म्हणाला, "हिला जरा गावंढळ आवाज दे, मजा येईल."

गंधालीने कागद बाजूला ठेवला. "आधी मला सांगा," ती म्हणाली, "ही बाई आहे कोण? कुठली? घरी कुणाशी कशी बोलते?"

त्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण तो विचार करू लागला.

वाचकहो, आपल्या इमारतीत, कचेरीत, दुकानात आपणही रोज कुणाचा तरी आवाज असाच ठरवून टाकतो. चेहरा पाहिला की भाषा ठरवतो, भाषा ऐकली की अक्कल ठरवतो, आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत हसून मोकळे होतो. त्यात आपल्याला कधी काही वाईट दिसत नाही, कारण आपल्या मनात वाईट नसतं. पण ज्याचं तोंड बंद होतं, त्याला आपल्या मनातलं काय कळणार? माणसाला मान द्यायचा तर आधी त्याला त्याच्या आवाजात बोलू द्यावं, आणि ते पूर्ण होईपर्यंत आपण थांबावं.